मागची पिशवी आणि मोलगीचा रस्ता

मोलगी, धडगाव, तोरणमाळ या बाजूने नंदुरबारला येणारा मोतीबिंदू बहुधा पूर्ण पिकूनच येतो. भिंग कधी पांढरंफटक, कधी काळपट तपकिरी आणि टणक. एका डोळ्यावर भागतंय तोवर माणूस घर सोडत नाही. पेरणी असते, मोहफुलं वेचायची असतात, दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जायचं असतं. दुसराही डोळा गेला की मग कोणीतरी हाताला धरून आणतं. ऑपरेशनमधल्या बऱ्याच अडचणी या उशिरातच तयार झालेल्या असतात. पांढऱ्या मोतीबिंदूत भिंगाची पुढची पिशवी दिसत नाही, म्हणून ती ट्रायपॅन ब्लूने निळी करून मग उघडावी लागते. फार जुन्या मोतीबिंदूत भिंगाला धरून ठेवणारे धागेही सैल झालेले असतात.

नंदुरबारमधल्या एका नेत्र रुग्णालयात सर्जनच्या शेजारच्या स्टुलावर बसून, मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या नळीतून मी हे काम पाहत होते. टेबलावर मोलगीकडच्या एक आजी होत्या. सिस्टर त्यांना ‘याहा’ म्हणत होत्या आणि मान हलवू नका, असं त्यांच्याच बोलीत सांगत होत्या. ऑपरेशन बिनटाक्याचं. इतकं टणक भिंग फेको मशीनने फोडायचं तर अल्ट्रासाउंडचा मारा जास्त लागतो आणि बुबुळाच्या आतल्या पेशी मरतात. त्यापेक्षा डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सहा-सात मिलिमीटरचा बोगदा करून भिंगाचा गाभा अख्खा बाहेर काढलेला बरा. तो निघाला, आणि ट्रेमध्ये गुळाच्या खड्यासारखा पडून राहिला.

आता उरला होता मऊ थर. तो सिम्को कॅन्युलाने हळूहळू ओढून घ्यायचा. त्याच्या लगेच मागे असते मागची पिशवी. मध्यभागी तिची जाडी जेमतेम ४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा अडीचशेवा भाग. ती राहिली तर नवं भिंग पिशवीतच बसतं. फाटली तर मागचा पारदर्शक, चिकट गर, म्हणजे व्हिट्रियस, पुढे यायला लागतो.

कॅन्युलाच्या छिद्राभोवती पिशवीला बारीक चुण्या पडलेल्या दिसल्या. डॉक्टरांनी ओढ थांबवली, पण तोवर बाहुली किंचित मोठी झाली होती आणि डोळ्याचा पुढचा कप्पा एकदम खोल गेला होता.

“पीसी गेली. सिस्टर, व्हिस्को द्या,” डॉक्टर नेहमीच्याच आवाजात म्हणाले. पीसी म्हणजे हीच मागची पिशवी.

नवखा हात अशा वेळी दचकून कॅन्युला बाहेर खेचतो. कप्पा कोसळतो, पुढचा दाब उतरतो आणि व्हिट्रियस फटीतून पुढे घुसतं. लहान चीर तिथेच मोठी होते. इथे उजवा हात होता तिथेच राहिला. डाव्या हाताने बाजूच्या बारीक छिद्रातून घट्ट, पारदर्शक व्हिस्को आत गेलं, कप्पा भरला, आणि त्यानंतरच कॅन्युला बाहेर आली. पाहायला यात काहीच घडत नाही. पण आजींचा डोळा वाचला तो मला वाटतं त्या न हललेल्या हातामुळे.

व्हिट्रियस काही दिसत नाही. म्हणून ट्रायमसिनोलोन सोडलं. औषधाचे पांढरे कण चिकटले तेव्हा एक धागा बोगद्याच्या तोंडापर्यंत आलेला कळला. बाहुली त्या बाजूला टोकदार झाली होती. तो धागा ओढायचा नसतो. त्याचं दुसरं टोक पडद्याला धरून असतं आणि इकडे ताण दिला की तिकडे पडदा फाटू शकतो. व्हिट्रेक्टमी कटरने तो आतच कापला. बाहुली गोल झाली. पुढच्या पिशवीची कड शाबूत होती, तिच्यावर पीएमएमएचं कडक भिंग टेकवलं, ठरल्यापेक्षा किंचित कमी नंबरचं. कड शाबूत नसती तर भिंग न बसवताच डोळा बंद केला असता. भिंगाचा तुकडा मागे पडद्यावर पडला असता तरी त्याच्यामागे हात घालायचा नाही. पुढचा भाग स्वच्छ करून सुरत किंवा नाशिकच्या पडद्याच्या तज्ज्ञाकडे पाठवायचं. शेवटी हवेचा बुडबुडा सोडला. तो नीट गोल राहिला, म्हणजे धागा उरला नव्हता. बिनटाक्याच्या त्या ऑपरेशनला एक टाका मात्र पडला.

बाहेर बाकावर मुलगा बसला होता. डॉक्टर त्याच्याशेजारी टेकले. “दादा, आईच्या डोळ्यातली मागची पिशवी फाटली. सावरली आहे, भिंगही बसलंय. पण लगेच नेऊ नका. काही दिवस इथेच राहू द्या.”

“घरी ढोरं आहेत, डॉक्टर.”

सिस्टरांनी तेच पुन्हा बोलीत समजावलं, आणि शेजाऱ्याचा फोन नंबर केसपेपरवर लिहून घेतला.

पिशवी फाटलेल्या डोळ्यात जंतुसंसर्गाचा धोका काही पटींनी वाढतो, त्यासाठी हे थांबवणं. टेबलावर आजी येण्याआधी डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन टाकून डॉक्टर घड्याळाकडे बघत थांबले होते. शेवटी डोळ्याच्या आत मॉक्सिफ्लॉक्सासिन सोडलं. आत प्रतिजैविक दिल्याने संसर्ग साधारण पाचपटींनी घटतो, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं. तिथे औषध सेफ्युरॉक्सिम होतं. एवढं करूनही धोका शून्य होत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याला लागून असलेल्या बडवानी जिल्ह्यात नोव्हेंबर २०१५ च्या सरकारी शिबिरात ऑपरेशन झालेल्या ४० हून अधिक जणांची दृष्टी गेली. सातपुड्याच्या त्याही बाजूला अशीच माणसं राहतात. म्हणून एका डोळ्यात जरी पू दिसला तरी ऑपरेशनची खोली (ओटी) बंद करायची, त्या दिवशीच्या सगळ्या पेशंटना परत बोलवायचं आणि वापरलेल्या बाटल्या तपासणीला ठेवायच्या, हा नियम मला जराही अतिरेकी वाटत नाही.

संसर्ग बहुधा दोन-तीन दिवसांनी, आठवड्याच्या आत डोकं वर काढतो, म्हणजे पेशंट पाड्यावर पोचल्यावर. ठणका लागतो, डोळा लाल होतो, काल दिसत होतं ते आज दिसत नाही. तेव्हा व्हिट्रियसमध्ये व्हॅन्कोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडीम २.२५ मिलिग्रॅम द्यायचं, प्रत्येकी ०.१ मिलिलिटरमध्ये. व्हॅन्कोमायसिनच्या बाटलीत ५०० मिलिग्रॅम असतात आणि डोळ्यात जायचा असतो एक. पातळ करण्याचं गणित ओटीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवलेलं आहे. सिस्टर ते दर वेळी मोठ्याने वाचतात आणि दुसऱ्या सिस्टर पडताळतात. दोन औषधं दोन सिरिंजमध्ये, कारण एकत्र केली की साका बसतो.

पण हे इंजेक्शन तासांच्या हिशेबाने द्यायचं असतं, आणि पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की तासांचा हिशेब संपतो. नर्मदाकाठच्या पाड्यांवरून तर आधी बोट, मग जीप. त्यामुळे घरी सोडताना दिलेली सूचना हाही उपचारच धरायला हवा. दुखलं तर गोळी घेऊन झोपू नका, आशाताईंना सांगा. इथून तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या नंबरवर फोन जातो. मिरची वाळवायच्या पथारीवर, धुळीत, मजुरी करणाऱ्या बाईला महिनाभर तिकडे जाऊ नका म्हणायचं, तर बुडालेल्या मजुरीचं काय, याला रुग्णालयाजवळ उत्तर नाही. ते सरकारकडे असायला हवं.

आजी राहिल्या. ढोरांसाठी मुलगा एकदा घरी जाऊन आला. सुटताना त्यांना तक्त्यावरच्या वरच्या काही ओळी दिसत होत्या. दुसऱ्या डोळ्याची तारीख होळीनंतरची ठरली. मुलाने विचारलं, “तिकडची पिशवीपण फाटेल का?” डॉक्टर नाही म्हणाले नाहीत. एका डोळ्यात झालं की दुसऱ्यात धोका थोडा जास्त धरायचा, असं सांगितलं. केसपेपरवर लाल शाईने लिहिलं: सकाळची पहिली केस, व्हिट्रेक्टमी कटर आधीच जोडून ठेवणे.