काळ्या जमिनीवर घर बांधताना

सेलू तालुक्यातल्या वालूरसारख्या गावात घरासाठी प्लॉट घ्यायचा ठरला की आपण काय पाहतो? रस्ता किती रुंद आहे, मशीद आणि शाळा किती लांब, सातबारा कोणाच्या नावावर. हे पाहायलाच हवे. पण खाली काळी माती किती खोल आहे आणि श्रावण-भाद्रपदात पाणी कुठवर चढते, हे विचारणारे आम्हाला क्वचितच भेटतात. दोन पिढ्यांची बचत, घरातल्या बायकांनी मोडलेले दागिने, वरून बँकेचे कर्ज. हे सगळे ज्या जमिनीत घालायचे, तिचीच चौकशी होत नाही.

परभणी जिल्ह्यातली काळी माती बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या, झिजेतून तयार झालेली आहे. कापूस, ज्वारी, तुरीसाठी ती मोठी बरकतीची. ओल धरून ठेवण्याचा तिचा गुण पिकाला तारतो. घराला मात्र तोच गुण नडतो. तिच्यातल्या चिकणमातीचे बारीक थर पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसतात. मे महिन्यात शेतातल्या भेगेत अख्खा हात जातो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. घराखालची मातीही तशीच वागते. फरक इतकाच, की तिच्यावर भिंती उभ्या असतात.

बाहेरच्या भिंतींजवळची माती पावसात भिजून वर उचलते, घराच्या पोटातली माती त्या मानाने कोरडीच राहते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघतो, दार चौकटीत अडकते, फरशी मध्येच उठते. गवंडी सिमेंटने तडा भरतो, पुढच्या पावसाळ्यानंतर तो शेजारीच पुन्हा उघडतो. एकमजली घराला याचा त्रास जास्त, कारण फुगणाऱ्या मातीला दाबून धरण्याइतके वजनच त्याला नसते. ‘लहानसे तर घर आहे, पाया कशाला खोल?’ हा हिशेब म्हणूनच उलटा आहे.

आता पाण्याकडे येऊ. आपल्या भागातला पाषाण वाळूसारखा सच्छिद्र नाही. पाणी मुरमात, कच्च्या खडकात आणि खडकाच्या भेगांत साठते. त्यामुळे एका बोअरला पाणी लागते आणि थोड्याच अंतरावरचे कोरडे जाते. वालूरची चक्राकार बारव या बाबतीत उघडे पुस्तकच म्हणायला हवी. गोल फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्या पाण्यापर्यंत पोहोचतात. पाणी ऋतूप्रमाणे वर-खाली होणार हे धरूनच जुन्या लोकांनी अशी बांधणी केली. गावकऱ्यांनी श्रमदानाने तिच्यातला गाळ-कचरा काढला, हे त्यांनी फार चांगले काम केले. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आपल्याला निदान दोनदा शेजारच्या विहिरीत डोकावता येईल: मेअखेर एकदा आणि पाऊस संपताना एकदा. पाया खणायचा तो दुसरी पातळी डोळ्यांसमोर ठेवून. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत दिसलेला खड्डा भाद्रपदात भरलेला असू शकतो.

प्लॉटच्या एका कडेला जेसीबीने मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या. किती फुटांवर रंग बदलला, ते लिहून ठेवा. खड्ड्यात मात्र कोणी उतरू नये. काळ्या मातीची कड न सांगता ढासळते. मुरूम जवळ असेल तर पाया थेट त्यावर टेकवता येतो. माती खोल असेल तर गवंड्यावर न सोडता अभियंत्याला बोलवा आणि मातीची तपासणी करून घ्या. फुगवटा मोजण्याची चाचणी साधीच आहे: तीच माती एका नळीत पाण्यात आणि दुसरीत रॉकेलमध्ये एक दिवस ठेवतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही, पाण्यात फुगते. फरक समोर दिसतो. खोल काळ्या मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब रूढ केले. ते साधारण ३.५ मीटर खाली जातात, कारण ऋतूंची हालचाल त्या खोलीवर फारशी पोहोचत नाही. जोत्यात काढलेली काळी मातीच परत भरू नका, नुसती वाळूही नको, तिच्यात पाणी साठून राहते. चांगला मुरूम थराथराने पाणी मारून धुम्मस करावा.

बांधून झाल्यावरही पाण्याची वाट सांभाळावी लागते. न्हाणीघराचे, वुजूच्या नळाचे पाणी दिवसातून पाच वेळा भिंतीच्या बुडाशी मुरत राहिले, तर पावसाळा संपूनही त्या कोपऱ्याचा पावसाळा चालूच राहतो. हे गावातल्या मशिदींच्या वुजूखान्यालाही लागू आहे. कमिटीने पक्की नाली आधी करावी, मिनाराचा रंग नंतर.

राहिला शोषखड्डा. भारतीय मानकाप्रमाणे तो पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर दूर हवा. १८ मीटर म्हणजे जवळपास ५९ फूट. आपला नेहमीचा ३० बाय ४० चा प्लॉट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजला तरी ५० फूटच भरतो. म्हणजे एकाच प्लॉटमध्ये पिण्याचे बोअर आणि शोषखड्डा दोन्ही नियमात बसतच नाहीत, आणि आपला खड्डा शेजाऱ्याच्या बोअरजवळ येतो तो वेगळाच. बोअरवाल्याला बोलावण्याआधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे टेप घेऊन जावे, त्यांचे खड्डे कुठे आहेत ते पाहावे आणि आपला कुठे येणार ते त्यांना सांगावे.