फडातला आवाज, स्टुडिओतला आवाज

बोरी बुद्रुकच्या पंचक्रोशीत तमाशा म्हटलं की नारायणगावचं नाव निघतंच. जत्रांच्या हंगामाआधी तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची मंडळी सुपारी देऊन जातात. या तमाशाचं रेकॉर्डिंग दोन तऱ्हांनी होतं. रॉक बँडचंही तसंच.

स्टुडिओत प्रत्येक वाद्याला वेगळा माइक, वेगळा ट्रॅक. ढोलकी आज वाजवा, गाणं उद्या गा, चुकलेली ओळ तेवढीच पुन्हा घ्या. रॉक बँडवाले बहुधा ड्रम आणि बास आधी पक्के करतात, गिटार नि गायन मागाहून चढवतात. आवाज स्वच्छ येतो, पण लावणी मापात बसवावी लागते. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. फडावर तीच लावणी शिट्ट्या आणि ‘वन्स मोअर’ ऐकून कितीही लांबते.

फडावर पंचाईत वेगळीच. आचेवर शेकून चढवलेल्या हलगीचा कडकडाट गाणारणीच्या माइकमध्येही शिरतो. मिक्सिंगला तिचा आवाज वाढवावा, तर हलगीही वाढते! म्हणून माइक तोंडाजवळ हवा, आणि त्याचा सिग्नल दुभागून एक वाट भोंग्यांकडे, दुसरी रेकॉर्डरकडे. प्रेक्षकांसाठी निराळे माइक लावावेत. नाहीतर टाळ्या पडूनही रेकॉर्डिंग मुकं वाटतं. ‘इंडियन ओशन’ या बँडचा १९९७चा ‘डेझर्ट रेन’ असाच मैफलीत ध्वनिमुद्रित झालेला अल्बम. पुष्कळ बँड ‘लाइव्ह’ अल्बममधल्या चुका नंतर स्टुडिओत गुपचूप दुरुस्त करतात. फडाच्या रेकॉर्डिंगला ती सोय फारशी नाही: नवं गाणं घातलं, तरी मागच्या हलगीच्या माइकात जुनं ऐकू येतंच.