वस्त्रांचे बंधन नसलेले दोन किनारे

वस्त्रे ऐच्छिक असलेल्या समुद्रकिनाऱ्यांचा विषय निघाला, की आपल्याकडे एकतर हसू उमटते, नाहीतर नाके मुरडली जातात. पर्यटन व्यवसायाच्या दृष्टीने मात्र हा अनेक दशके टिकलेला, शिस्तीने चालणारा आणि मुख्यत्वे जुन्या ग्राहकांवर विसंबून असलेला धंदा आहे. येथे येणारी बरीच जोडपी मध्यमवयीन असतात आणि एकदा आलेली पुन्हा येतात. कॅरेबियन समुद्रात अशा जोडप्यांच्या तोंडी दोन नावे वर्षानुवर्षे राहिली. एक, जमैकातील नेग्रिल येथील 'हेडोनिझम टू'. दुसरे, सेंट मार्टिन बेटाच्या फ्रेंच भागातील 'क्लब ओरिएंट'.

यापैकी क्लब ओरिएंट ६ सप्टेंबर २०१७ रोजी 'इर्मा' चक्रीवादळात उद्ध्वस्त झाले आणि त्या रूपात पुन्हा उभे राहिले नाही. तरीही तुलना थांबलेली नाही. ओरिएंटला वर्षानुवर्षे जाणाऱ्या जोडप्यांपुढे 'आता कुठे?' हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा नेग्रिलचे नाव पुढे येणे स्वाभाविक होते. कपडे न घालण्याची मुभा दोन्हीकडे होती. पण त्या मुभेचा अर्थ दोन्हीकडे इतका वेगळा होता, की एका ठिकाणी रमलेले जोडपे दुसऱ्या ठिकाणी पहिल्याच संध्याकाळी बावरून जावे.

नावातच फरक

क्लब ओरिएंट हे 'नॅचरिस्ट' केंद्र होते. या विचाराची मुळे युरोपात आहेत. जर्मनीतील मुक्तदेह चळवळ, फ्रान्समधील मोंतालिव्हे येथे १९५० मध्ये सुरू झालेले सुटीचे केंद्र आणि तेथेच १९५३ मध्ये स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय नॅचरिस्ट महासंघ अशी त्याची परंपरा सांगता येते. महासंघाने १९७४ मध्ये केलेल्या व्याख्येत स्वतःविषयी, इतरांविषयी आणि निसर्गाविषयी आदर हा सामूहिक नग्नतेचा हेतू मानला आहे. उत्तान वर्तनाला तेथे जागा नाही. त्यामुळे क्लब ओरिएंटमध्ये मुलाबाळांसह कुटुंबे येत, आजीआजोबा येत, आणि सगळे वाळूवर पुस्तक वाचत पडलेले असत. ज्याला काही सनसनाटी पाहायला मिळेल असे वाटे, त्याची तासाभरात निराशा होत असे.

'हेडोनिझम' म्हणजे सुखवाद. आपल्याकडे चार्वाकाचे नाव घेतले की जे आठवते, ते हॉटेलच्या पाटीवर लिहिण्याचे धाडस जमैकातील सुपरक्लब्ज या कंपनीने केले. १९७६ मध्ये 'नेग्रिल बीच व्हिलेज' या नावाने सुरू झालेल्या या हॉटेलाचे १९८१ मध्ये नव्याने बारसे झाले. येथे १८ वर्षांखालील कोणालाही प्रवेश नाही. जोडपी येतात, तसेच एकटे स्त्री-पुरुषही येतात. जोडीदारांच्या अदलाबदलीत रस असणारा वर्गही येथे येतो आणि हॉटेल ते लपवत नाही. काही खोल्यांच्या छताला आरसे आहेत, एवढे सांगितले तरी वातावरणाची कल्पना यावी. याच कंपनीच्या रनअवे बे येथील 'हेडोनिझम थ्री'मध्ये २००३ च्या व्हॅलेंटाइन दिनी २९ जोडप्यांनी वस्त्रांविना एकत्रित विवाह केले होते. ते हॉटेल पुढे बंद पडले. नेग्रिलचे टिकले. २०१३ च्या सुमारास त्याची मालकी बदलली, आणि विकत घेणाऱ्या गटाचे प्रमुख होते हॅरी लँग, अमेरिकेतील प्रख्यात मॅगेलन म्युच्युअल फंडाचे माजी व्यवस्थापक. गुंतवणुकीचा हिशेब आयुष्यभर करणाऱ्या माणसाला या धंद्यात अर्थ दिसला, हे पुरेसे बोलके आहे.

सकाळचा चहा आणि रात्रीचा बार

दोन्हीकडचा दिवस कसा जाई, यावरून फरक अधिक कळतो. क्लब ओरिएंटमध्ये लाकडी बंगल्यांची वस्ती होती. प्रत्येक बंगल्यात छोटे स्वयंपाकघर असे. जोडपी सामान आणून स्वतः रांधत, ओसरीवर बसून चहा घेत, शेजाऱ्याशी गप्पा मारत. आवारात सर्वत्र वस्त्रांविना वावरता येई. त्यामुळे कपडे काढणे ही 'घटना' उरत नसे. बेटाच्या ईशान्य बाजूला असल्याने किनाऱ्यावर व्यापारी वारे सतत वाहतात, लाटा असतात, सूर्य समुद्रातून वर येताना दिसतो. लोक लवकर उठत आणि लवकर झोपत.

नेग्रिल जमैकाच्या पश्चिम टोकाला आहे. समुद्र शांत, पाणी उथळ आणि सूर्यास्त समोर. 'सेव्हन माइल बीच' या नावातले सात मैल प्रत्यक्षात भरत नाहीत, हा भाग वेगळा. हेडोनिझम टूमध्ये खाणेपिणे, मद्य, जलक्रीडा असे सारे एकाच दरात मोडते. खिशात पैसे ठेवायचे कारण नाही, आणि ठेवायला खिसाही नाही. हॉटेलचे दोन भाग आहेत. एका किनाऱ्यावर पोहण्याचे कपडे घालून वावरता येते, दुसरा किनारा विवस्त्रांचा. इंग्रजीत यमक जुळवून त्यांना 'प्रूड' आणि 'न्यूड' म्हणतात. विवस्त्रांच्या भागात कपडे घालून रेंगाळणे शिष्टाचाराला धरून नाही, तर जेवणाच्या मुख्य दालनात कपडे हवेत. खरी वर्दळ रात्री सुरू होते. ती पहाटेपर्यंत चालते.

भोजनाच्या टेबलावर मराठी पाहुण्याला ओळखीचा वास येईल. 'करी गोट' हा बोकडाच्या रश्शाचा पदार्थ जमैकात घरोघरी होतो. मे १८४५ पासून उसाच्या मळ्यांसाठी नेलेल्या भारतीय मजुरांची ती देणगी. त्या मजुरांचे वंशज आजही पश्चिम जमैकात आहेत.

किनारा कोणाचा?

यापेक्षा मोठा फरक डोळ्यांना दिसत नाही. तो कायद्यात आहे.

जमैकात १९५६ चा किनारा नियंत्रण कायदा लागू आहे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यावरील हक्क या वसाहतकालीन कायद्याने सरकारकडे घेतले आणि वापरासाठी परवान्याची पद्धत आणली. मच्छीमारांचे काही जुने हक्क सोडले तर सामान्य नागरिकाला किनाऱ्यावर जाण्याचा, पोहण्याचा सर्वसाधारण हक्क त्यात नाही. देश १९६२ मध्ये स्वतंत्र झाला, कायदा राहिला. त्यामुळे हॉटेलांना किनारा कुंपणाआड घेता येतो. हेडोनिझम टूमधील मोकळेपणा या कुंपणावर उभा आहे. पैसे भरल्याशिवाय कोणी आत येत नाही, म्हणून आतले निर्धास्त असतात.

सेंट मार्टिनचे चित्र उलट. जेमतेम ८७ चौरस किलोमीटरचे हे बेट १६४८ पासून फ्रान्स आणि नेदरलँड्स यांच्यात वाटलेले आहे. फ्रेंच परंपरेत समुद्रकिनारा ही सार्वजनिक मालमत्ता. क्लब ओरिएंटची जमीन खासगी होती, पण समोरची वाळू सर्वांची होती. किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला विवस्त्र, उत्तरेकडे सवस्त्र, अशी विभागणी वहिवाटीने झाली होती. तेथे भिंत नव्हती. क्रूझ जहाजांतून आलेले प्रवासी कुतूहलाने फेरी मारून जात. नेहमीच्या पाहुण्यांना त्याचा त्रास होई, परंतु त्यांनी ते निभावून नेले. हॉटेल जमीनदोस्त झाल्यानंतरही दक्षिण टोकाची ती वहिवाट पूर्णपणे मोडली नाही. भिंतीवर नव्हे तर सवयीवर उभी असलेली गोष्ट वादळात टिकते, ती अशी.

नेग्रिलच्या निर्धास्तपणाची किंमत मात्र कोणीतरी मोजत असते. जमैकात या प्रश्नावर 'जॅबेम' या नावाने ओळखली जाणारी चळवळ २०२१ पासून उभी आहे. मॅमी बे, बॉब मार्ली बीच अशा ठिकाणच्या प्रवेशासाठी लढे न्यायालयात गेले. तिचा रोख नग्नतेवर नाही, बंद फाटकांवर आहे. तरीही एखाद्या जोडप्याने हा विचार करायला हरकत नाही, की आपल्याला पेय आणून देणाऱ्या, गणवेशातील तरुणाला सुटीच्या दिवशी त्याच वाळूवर पाय ठेवता येत नाही. जमैकाचा समाज धार्मिक आहे, गावोगावी चर्च आहेत. पाहुण्यांची मुभा आणि यजमानांची मर्यादा यांच्यामधील अंतर या हॉटेलात रोज दिसते. पहिल्या भेटीत ते लक्षात येत नाही, कारण तेव्हा पाहुण्याचे सारे लक्ष स्वतःच्या देहाकडे असते.

दुसऱ्या भेटीचे प्रश्न

पहिल्या भेटीची धास्ती फार काळ टिकत नाही, असा बहुतेकांचा अनुभव असतो. आपल्याकडे कोणी पाहत नाही, हे कळायला एखादी दुपार पुरते. पुन्हा जाणाऱ्या जोडप्याचे प्रश्न वेगळे असतात. शेजारी कोण असेल? नियम खरोखर पाळले जातात का? 'नाही' म्हटले तर ते ऐकले जाते का?

हेडोनिझम टूबाबत पहिल्या प्रश्नाचे उत्तर आठवड्यागणिक बदलते. प्रवासी मंडळे आपल्या सदस्यांसाठी विशिष्ट आठवडे मोठ्या संख्येने राखून ठेवतात. त्यामुळे एकाच हॉटेलात एका आठवड्यात निवांत, वयस्क मंडळी आणि पुढच्या आठवड्यात जोरदार पार्ट्या, असे घडू शकते. गेल्या वेळचा अनुभव गृहीत धरून तारखा ठरवणारे जोडपे येथेच फसते. त्या आठवड्यात कोणता गट उतरणार आहे, हे आरक्षणापूर्वी विचारणे हा खोलीच्या दर्जापेक्षा महत्त्वाचा प्रश्न आहे. क्लब ओरिएंटमध्ये ही अडचण नव्हती. ठरावीक महिन्यात ठरावीक चेहरे भेटत. त्यात सुरक्षितता होती. मात्र नवख्याला थोडे परकेही वाटू शकेल, इतकी ती मंडळी एकमेकांत मिसळलेली असत.

काही नियम अशा बहुतेक सर्व ठिकाणी सारखेच. बसण्यापूर्वी खुर्चीवर स्वतःचा टॉवेल अंथरावा. टक लावून पाहू नये. छायाचित्रे काढू नयेत, आणि जेथे परवानगी असते तेथेही चौकटीत येणाऱ्या प्रत्येकाची संमती हवी. खिशात कॅमेरा नसलेल्या काळात हा नियम पाळणे सोपे होते. मोबाइल फोन हातोहाती आल्यापासून तोच सर्वांत नाजूक ठरला आहे. एक छायाचित्र बाहेर गेले तर नोकरी, नातेवाईक, मुलांची शाळा असे सारेच पणाला लागते. मुंबई-पुण्यातून जाणाऱ्या जोडप्याला हा धोका अमेरिकी जोडप्यापेक्षा कमी नाही, थोडा अधिकच आहे. त्यामुळे फोनबाबत हॉटेलचे कर्मचारी प्रत्यक्षात किती कडक आहेत, हे पुन्हा जाणारे आधी पाहतात. एकट्या पुरुषांचे प्रमाण आणि त्यांचे वर्तन ही त्यांची दुसरी कसोटी. या बाबतीत जोडपी व कुटुंबे यांचा भरणा असलेले ओरिएंट सरस होते, असेच म्हणावे लागेल.

'मग गोव्यात का नाही?' हा प्रश्न आपल्याकडे ओघाने येतोच. साठ-सत्तरच्या दशकांत हणजुण्याच्या किनाऱ्यावर हिप्पींनी ते करून पाहिले होते. भारतात सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृतीबद्दल पूर्वी भारतीय दंड विधानाचे कलम २९४ लागू होई. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ ने घेतली असून तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अभिनेते मिलिंद सोमण यांनी किनाऱ्यावर धावतानाचे वस्त्रहीन छायाचित्र प्रसिद्ध केल्यावर नोव्हेंबर २०२० मध्ये गोवा पोलिसांनी त्यांच्यावर गुन्हा नोंदवला होता. गोव्याचे किनारे सर्वांसाठी खुले आहेत. म्हणजे नेग्रिलसारखे कुंपण घालता येत नाही आणि ओरिएंटसारखी वहिवाटही नाही. सध्याच्या कायद्यात तिसरा मार्ग दिसत नाही.

तारीख ठरवताना

कॅरेबियनमधील चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो. दर उतरतात ते याच काळात. क्लब ओरिएंट १९९५ च्या 'लुईस' वादळातही उद्ध्वस्त झाले होते. तेव्हा ते पुन्हा बांधले गेले, २०१७ नंतर नाही. जमैकाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर २८ ऑक्टोबर २०२५ रोजी 'मेलिसा' हे सर्वोच्च, म्हणजे पाचव्या श्रेणीचे वादळ धडकले आणि बेटाच्या पश्चिम भागाची मोठी हानी झाली. या भागात आरक्षण करताना हॉटेलचा कोणता भाग, कोणता किनारा प्रत्यक्ष सुरू आहे, हे लेखी विचारून घ्यावे. वादळामुळे प्रवास रद्द झाल्यास रक्कम परत मिळेल की केवळ तारीख बदलून मिळेल, हेही त्याच पत्रात विचारावे. २०११ पासून कॅरेबियनच्या पूर्वाभिमुख किनाऱ्यांवर सार्गासम या समुद्री शेवाळाचे थर येऊन साचतात, उन्हाळ्यात अधिक. ओरिएंटच्या उपसागराला ही अडचण जाणवते. पश्चिमेकडे तोंड असलेल्या नेग्रिलला तुलनेने कमी.