शिफ्टची नोकरी आणि घरातलं नातं: वेळ जुळत नसेल तर प्रेम कसं टिकवायचं?

सकाळी मुलं शाळेला निघतात, तेव्हा पप्पा नाईट करून घरी येतात. मुलं परत येतात, तेव्हा ते झोपलेले असतात. संध्याकाळी सगळे एकत्र बसतात न बसतात, तोच डबा भरायची वेळ होते. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक विद्युत केंद्राच्या परिसरात हे चित्र नवीन नाही. रेल्वे, पोलीस, हॉस्पिटल, कारखाना, कुठेही शिफ्ट असली की घरोघरी हेच. अशा घरात नातं घट्ट ठेवता येतं का? येतं. पण आधी अडचण नेमकी कुठे आहे, ते समजून घेऊया.

रात्रपाळी बंद का करता येत नाही?

दीपनगरमध्ये कोळसा जाळून वीज तयार होते. इथे ५०० मेगावॅटचे दोन मोठे संच आहेत. असा संच पंख्यासारखा बटण दाबून चालू-बंद होत नाही. थंड पडलेला बॉयलर पुन्हा तापवून वीज सुरू करायला अनेक तास लागतात. म्हणून माणसं पाळ्यांमध्ये बदलतात, संच मात्र चालूच राहतो. आपल्या घरात रात्री पंखा फिरतो, कारण तिथे कुणीतरी जागं असतं.

रात्रपाळीनंतर चिडचिड का होते?

आपल्या शरीरात सुमारे २४ तासांचं एक घड्याळ असतं. हे घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं, याचा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. अंधार पडला की हे घड्याळ झोपेची तयारी करतं आणि उजेडात जागं करतं. त्यामुळे दिवसाची झोप बहुतेक वेळा कमी आणि तुटक होते. त्यात खान्देशातला मे महिना! पारा ४५ अंशांकडे जातो, कूलरही गरम हवा फेकतो. झोप अपुरी राहिली की संयम सुटतो आणि साधा प्रश्नही टोमणा वाटू लागतो.

दुसरी बाजूही आहे. "आवाज करू नका, पप्पा झोपलेत" असं दिवसभर सांगणारी आईसुद्धा थकते. घरातले आजारपण, अभ्यास, पाहुणे सगळं तिच्यावर येतं. नोकरी एकाची असते, पण शिफ्ट सगळं घर करतं. दोघांनी एकमेकांचा थकवा मान्य केला, तर निम्मं भांडण तिथेच संपतं.

मग काय करायचं?

१. पाळीचं वेळापत्रक सगळ्यांना दिसेल असं लावा. फ्रिजवर किंवा कॅलेंडरवर लिहा. "पप्पा वेळ देत नाहीत" याऐवजी "पप्पा गुरुवारी संध्याकाळी घरी आहेत" हे मुलांना कळतं.

२. दिवसातलं एक जेवण किंवा एक चहा ठरवून घ्या. वीस मिनिटंच, पण मोबाईल बाजूला ठेवून.

३. घरी आल्या आल्या हिशेब मांडू नका. फी, गॅस, सासर-माहेर हे विषय झोप झाल्यावर. पण झोपेतून उठल्यावर "बोल, सकाळी काय सांगत होतीस?" असं विचारणं ही समोरच्याची जबाबदारी आहे.

४. चांगलं बोलायला कंजुषी नको. जोडप्यांचा अनेक वर्षं अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांना असं दिसलं की, सुखी जोडपी वाद घालतानाही एका कटू गोष्टीमागे साधारण पाच चांगल्या गोष्टी करतात. हसणं, मान डोलावणं, "तुझं बरोबर आहे" म्हणणं हेही त्यातच येतं.

५. घरातल्या मोठ्यांचं ऐका. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या ओव्या रचत. त्यांचे कवी पुत्र सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्या वेळोवेळी टिपून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये त्यांच्या कविता पुस्तकरूपात आल्या. घरच्यांनी आईचं बोलणं कान देऊन ऐकलं नसतं, तर ते तिथेच विरलं असतं. आपल्याही आजीकडे सांगण्यासारखं खूप असतं.

थकवा कुठपर्यंत समजून घ्यायचा?

हे स्पष्ट सांगायला हवं. थकवा हे चिडचिडीचं कारण असू शकतं, हात उचलण्याचं नाही. मारहाण, सततचा अपमान, पैसे अडवून ठेवणं हे सगळं २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात येतं. मदतीसाठी महिला हेल्पलाईन १८१ आहे. मन फारच खचलं, झोपच येत नाही असं झालं, तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे.

शेवटी एवढंच

हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून एक अभ्यास सुरू आहे. शेकडो माणसांचं आयुष्य त्यात वर्षानुवर्षं पाहिलं गेलं. जवळची, विश्वासाची नाती असलेली माणसं म्हातारपणी जास्त निरोगी आणि समाधानी राहतात, असं त्यातून पुढे आलं.

पाळी आपल्या हातात नसते. पण घरात पाऊल टाकल्यावरचं पहिलं वाक्य आपल्या हातात असतं. आज घरी गेल्यावर "जेवलात का सगळे?" एवढं विचारून बघा.