अपघात कोणाचा आणि उत्तर कोणी द्यावयाचे?

रेल्वेचा अपघात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे घसरलेले डबे येतात. परंतु अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथे राहणाऱ्या आपणांस जो मृत्यू परिचयाचा आहे, तो निराळा. कोणी रूळ ओलांडताना जातो, कोणी दारातून पडतो. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ साली सांगितले की, देशात दरवर्षी सुमारे १५,००० माणसे रूळ ओलांडताना मरतात व त्यांपैकी सुमारे ६,००० मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. पुढे ही संख्या उतरली. तरी २०२४ सालीही मुंबईच्या लोकलमार्गांवरील मृत्यू दोन हजारांच्या वरच होते.

कायदा या दोन प्रकारांकडे दोन दृष्टींनी पाहतो. प्रवासी गाडीला अपघात होऊन प्राणहानी झाली, तर रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात. हे आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. गाडी चालविणाऱ्यानेच आपल्या चुकीचा न्याय करू नये, हे त्यामागील तत्त्व. उलट रूळ ओलांडणारा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाने अपराधी ठरतो. मेलेला मनुष्यच आरोपी, म्हणून प्रकरण तेथेच मिटते! गाडीतून पडलेल्या प्रवाशाच्या वारसांना १२४-अ कलमाखाली, दोष कोणाचा हे न पाहता, भरपाई मिळते. तरतूद दयाळू आहे. पण तिच्यामुळे दोष शोधण्याचेच राहून जाऊ नये.

नोकरांच्या जबाबदारीचेही तसेच. मोटरमनने मुठीवरचा हात सोडला तर गाडी आपोआप थांबते; त्याचे कर्तव्य यंत्र क्षणोक्षणी तपासते. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, तेव्हा मोटरमन चंद्रशेखर सावंत यांनी तत्काळ ब्रेक लावून अनर्थ टाळला. पण पुलाची निगा रेल्वेने राखावयाची की महापालिकेने, यावर वाद सुरू झाला. गंज वर्षानुवर्षे चढतो. त्याला जबाबदार असणाऱ्याचे नाव मात्र एका क्षणात सापडत नाही.

घाटकोपरला जानेवारी २०१४ मध्ये फलाट आणि गाडी यांमधील फटीत पडून एका विद्यार्थिनीचे दोन्ही हात गेले. त्यानंतर फलाट उंचावण्याच्या कामाला जोर आला. ती फट आदल्या दिवशीही तेवढीच होती, आणि मोजपट्टीने मोजता येत होती.

तेव्हा आपली मागणी साधी असावी. प्रत्येक स्थानकात कोठे किती माणसे दगावली, तेथे पूल, कुंपण वा उंच फलाट का नाही, आणि ते काम कोणत्या अधिकाऱ्याकडे कोणत्या मुदतीने सोपविले आहे, हे फलकावर लिहावे. रूळ ओलांडू नका, ही सूचना आपण पाळलीच पाहिजे. परंतु त्या सूचनेशेजारी हा दुसरा फलक लागेपर्यंत जबाबदारीची वाटणी पुरी झाली असे मानता येणार नाही.