शपथ, पुडी आणि उपचार

‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ ही जाहिरात आपण सर्वांनीच कुठल्या ना कुठल्या भिंतीवर वाचली असेल. माझा आक्षेप आहे तो ‘नकळत’ या शब्दाला. डायसल्फिराम नावाचे एक खरे औषध आहे. ते घेणाऱ्याने दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हे औषध आमटीत कालवून दिले आणि माणूस बाहेर जाऊन प्याला, तर जिवावरच बेतायचे! म्हणून डॉक्टर ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात.

दुसरा घरगुती उपाय म्हणजे कोंडून ठेवणे. आमच्या गल्लीतील एका काकांना भावांनी असेच माडीवर कोंडले. तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसू लागल्या, रात्री झटका आला. तेव्हा कुठे रिक्षातून सी. पी. आर.ला नेले. रोजची दारू एकाएकी तुटली की मेंदू असा बिथरू शकतो. दवाखान्यात शामक औषधे व ब-१ जीवनसत्त्व देऊन हे दिवस निभावून नेतात.

पण शरीरातून दारू गेली, तरी मनातून जात नाही. खरा उपचार येथून पुढचा. पुण्यात डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू केले, ते हे ओळखूनच. तेथे व्यसनातून बाहेर आलेली माणसेच नव्या रुग्णाला धीर देतात. पत्नीलाही बोलते केले जाते. १९३५ साली अमेरिकेत निघालेल्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’च्या सभांतही औषध एकच, सोबत. आपल्याकडे माळ घालून दारू सोडणारे आहेत. मला वाटते, त्यांनाही शपथेपेक्षा दिंडीतल्या सोबतीनेच अधिक तारले असावे. पुन्हा घसरण झाली तर ‘ढोंगी’ म्हणून हिणवू नये. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली तर आपण त्याला ढोंगी म्हणतो काय?

गर्द, गांजाच्या बाबतीत वसतिगृहातील मित्रांना पोलिसांची धास्ती वाटते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील ६४-अ हे कलम त्यांनी जरूर वाचावे. अल्प प्रमाणातील पदार्थाबद्दल आरोप असलेला व्यसनी आपणहून सरकारी वा मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेईल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. मात्र उपचार पुरा केला पाहिजे. कोठे जावे हे विचारण्यासाठी १४४४६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत.