तोच बँड, निराळा नाद

एप्रिल २०१२मध्ये मुंबईच्या ‘इंडस क्रीड’ या रॉक बँडचा ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला. त्याच्या आधीचा अल्बम होता १९९५चा. मधल्या सतरा वर्षांत कॅसेट अडगळीत गेली, सीडी रुळली आणि तीही मागे पडू लागली. एवढ्या काळानंतर परतणाऱ्या बँडकडून लोक बहुधा जुनीच गाणी मागतात. ‘इंडस क्रीड’च्या पाच जणांनी मात्र जुन्या लोकप्रियतेचा आधार न घेता नवा नाद शोधला. ‘इव्हॉल्व्ह’ म्हणजे उत्क्रांत होणं. अल्बमचं हे नाव त्यांनी खरं करून दाखवलं.

या बँडचा जन्म १९८४चा. तेव्हा त्याचं नाव होतं ‘रॉक मशीन’. त्या काळी मुंबईत रॉक वाजायचं ते कॉलेजांच्या महोत्सवांत आणि धोबी तलावाजवळच्या रंगभवनच्या खुल्या मंचावर. श्रोत्यांना परदेशी बँडची गाणी हुबेहूब हवी असत. स्वतःचं गाणं वाजवणं म्हणजे जोखीमच. ‘रॉक मशीन’ने ती घेतली. १९८८मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि १९९०मध्ये ‘द सेकंड कमिंग’ हे त्यांच्या स्वतःच्या गाण्यांचे अल्बम आले. इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय बँडसाठी ही मोठीच मजल होती.

त्या गाण्यांचा बाज ऐंशीच्या दशकातल्या हार्ड रॉकचा होता. उंच पट्टीत चढणारा गळा, गिटारचा दमदार सोलो आणि सगळ्यांनी मिळून म्हणावं असं ध्रुपद.

१९९१मध्ये उपग्रह वाहिन्यांबरोबर एमटीव्ही भारतात आला आणि रंगभवनाबाहेरच्या प्रेक्षकांनीही हे चेहरे पाहिले. त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीच्या आशियातल्या प्रेक्षकांनी पसंतीचा पुरस्कार दिला. बँडचं नाव दूरवर पोचत असताना, १९९३मध्ये, त्यांनी ते नावच बदललं. ‘रॉक मशीन’ हे नाव जुन्या आवाजाला चिकटलेलं होतं. ‘इंडस क्रीड’ या नव्या नावात सिंधू नदी होती, आणि १९९५च्या अल्बममध्ये भारतीय संगीताचे रंगही उतरले.

दोन वर्षांत बँड थांबला. गायक उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेले. तिथे बँडमधलेच गिटारवादक जयेश गांधी यांच्याबरोबर त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ हा गट काढून भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताचा मेळ घातला. मुंबईत परतल्यावर गिटारवादक महेश तिनईकर आणि ते ‘व्हर्लिंग कलापाज’मध्ये अकूस्टिक वाद्यांवर गाणी करू लागले. विजेचा गडगडाट नसला की गाण्याची चाल आणि शब्द उघडे पडतात. कच्चं काही लपत नाही. पुढच्या अल्बमसाठी हा रियाज मोलाचा ठरला.

२०१०मध्ये ‘इंडस क्रीड’ पुन्हा उभा राहिला. बेनेगल, तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया हे तिघे जुने. बेस गिटारवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रॉव कवी हे दोघे तरुण, नवे. बँडचा पाया असतो बेस आणि ड्रम्स. तो पायाच बदलल्यावर वरच्या इमारतीचा घाट तसाच कसा राहणार?

म्हणून ‘इव्हॉल्व्ह’चा नाद जुन्या हार्ड रॉकपेक्षा गडद आहे आणि त्याचा ओढा प्रोग्रेसिव्ह रॉककडे आहे. या शैलीत गाणं कडवं-ध्रुपद-कडवं अशा ठरलेल्या वाटेनं जात नाही. ते मध्येच वळण घेतं, लय बदलतं, कधी चार मात्रांचा सरळ ठेका सोडून विषम मात्रांत शिरतं. सात मात्रांचा रूपक कानात मुरलेल्या मराठी श्रोत्याला ही गंमत चटकन उमगेल.

अल्बमचं मिक्सिंग टिम पामर यांनी केलं. ‘पर्ल जॅम’ या अमेरिकी बँडच्या ‘टेन’ या गाजलेल्या अल्बमचं मिक्सिंगही त्यांचंच. स्टुडिओत प्रत्येक वाद्य स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित होतं. कोणतं पुढे आणायचं, कोणतं मागे ठेवायचं, हे मिक्सिंगमध्ये ठरतं. लावणीत ढोलकी पुढे आली तर पाय थिरकतात, ती मागे ठेवून गळा पुढे आणला तर तीच लावणी आर्जव करू लागते. इथेही फरक असाच पडतो.

हा सगळा प्रवास दहाएक मिनिटांत कानांनी अनुभवता येतो. आधी ‘रॉक मशीन’च्या काळातलं ‘टॉप ऑफ द रॉक’ ऐकावं आणि लगेच ‘इव्हॉल्व्ह’मधलं ‘फायरफ्लाइज’ लावावं. गळा तोच, बेनेगल यांचा. पण पहिल्या गाण्यात तो समोरच्या गर्दीला साद घालतो आणि दुसऱ्यात शेजारी बसलेल्या एकाच माणसाशी बोलतो.